वापरलं ते आपलं : दसरा-दिवाळीच्या खरेदीआधी कळकळीचं आवाहन

यशवंतपूर, मत्तीकेरे, मल्लेश्वरम, राजाजीनगर, पीण्या, जालहळ्ळी आणि तुमकूर रस्त्यालगतच्या सोसायट्यांत राहणाऱ्या सर्व मराठी बंधुभगिनींना ही कळकळीची विनंती आहे. नवरात्राच्या आगेमागे मोठे सेल लागतील. दुकानांत गर्दी होईल, दाराशी खोकी येऊन पडतील आणि दिवाळी उरकली की परताव्यांची रीघ लागेल. त्यातले बरेचसे परतावे रास्त असतात. माप चुकतं, रंग फोटोपेक्षा वेगळा निघतो, शिवण उसवलेली असते, मिक्सरचं भांडं तडकून येतं. असा माल अवश्य परत करा. पण वस्तू घरी आली, वापरली, तिच्यासोबत फोटो काढून झाले आणि मग ‘नको’ म्हणून परत पाठवली, हे थांबवा. याच सणापासून थांबवा. पुढच्या वर्षी सांगून उपयोग नाही, कारण तोवर आमच्यासारख्या काही जणींनी गाशा गुंडाळलेला असेल.

आमच्यासारख्या म्हणजे कोण, ते सांगते. मी आणि माझ्या जाऊबाई यशवंतपूरच्या एका भाड्याच्या खोलीतून साड्या विकतो. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलहून इरकली येते, गुळेदगुड्डहून खण येतात. कर्नाटकात विणलेलं हे कापड महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नेसलं जातं, त्यामुळे आमचं गिऱ्हाईक इथेही आहे आणि पुण्या-सोलापुरातही. थोडा माल ओळखीने जातो, बराचसा ऑनलाइन. दुकानाचा गाळा घेण्याची ऐपत नसलेल्या आम्हा दोघींना या बाजाराने उभं केलं, हे मी मनापासून मानते. आवडलं नाही तर परत करता येईल, एवढ्या भरवशावर नागपुरातली एखादी बाई कापडाला हातही न लावता आमच्याकडून साडी मागवते. तो भरवसा मोडला तर आमचा धंदाही मोडेल. परताव्याची सोय बंद व्हावी असं माझं म्हणणं अजिबात नाही. ती टिकावी म्हणूनच हे लिहिते आहे.

परत आलेलं पार्सल आम्ही मोबाईल स्टँडवर लावून, व्हिडिओ चालू ठेवून उघडतो. व्हिडिओ नसेल तर नुकसानीचा दावा कोणी ऐकूनच घेत नाही. मागच्या हंगामात असंच एक इरकलीचं पार्सल उघडलं. परत पाठवण्याचं कारण लिहिलं होतं, ‘सदोष माल’. घडी आम्हीच घातली असावी इतकी नेटकी होती. उलगडली तर खालच्या काठाला सुईच्या भोकांची सरळ ओळ दिसली. फॉल लावून मग उसवला होता. खांद्यावर जिथे पदर पिनेने टाचतात तिथले धागे ओढले गेले होते. निऱ्यांच्या आतल्या बाजूला, सहज दिसू नये अशा जागी, हळदीचं बोट पुसलेलं. साडीला अत्तराचा वास. टॅग होता, पण साध्या दोऱ्याने पुन्हा बांधलेला, आणि आम्ही तो नेहमी प्लॅस्टिकच्या लूपने लावतो. जाऊबाईंनी व्हिडिओ बंद केला आणि साडी वेगळ्या ढिगात ठेवली.

इरकलीचं अंग आणि पदर यांचे ताणे वेगवेगळे असतात. पदराचे रेशमी ताणे अंगाच्या ताण्यांना फासे घालून एकेक करून जोडतात, त्याला टोपे तेणी म्हणतात. हे जोडकाम नीट झालं तरच हातमागावर पदर विणता येतो. अशी साडी एकदा नेसली की ती नवी म्हणून विकता येत नाही, विकूही नये. ड्रायक्लीन केलं तरी सुईची भोकं बुजत नाहीत. आम्ही ती निम्म्याहून कमी पैशांत ओळखीत देऊन टाकली. विणकराचे पैसे तर आधीच चुकते केलेले होते, आणि ते तसे करायलाच हवेत. पाठवण्याचं कुरियर आमच्या खिशातून, परत येण्याचंही आमच्याच हिशेबातून कापलेलं. शिवाय खोकं, इस्त्री आणि ऐन सणाचे ते दिवस, जेव्हा दुसऱ्या कुणाला ती साडी हवी होती आणि ती गाडीत फिरत होती. आमचा दावा नामंजूर झाला. टॅग जागेवर आहे, असं कारण कळवण्यात आलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते ‘सदोष माल’ या दोन शब्दांनी. ती साडी नेसून झाली होती, कदाचित कुणाच्या हळदीला मिरवलीही होती. तिच्यात दोष नव्हता. पण असं खोटं कारण एकदा नोंदलं गेलं की विकणाऱ्याच्या नावापुढे डाग लागतो, गुण कमी होतात, माल यादीत खाली ढकलला जातो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो दिसतच नाही. आणखीही एक नुकसान आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरोखर कच्चा रंग असलेला माल शोधायचा असेल तर ‘सदोष’ या नोंदीवरच भिस्त ठेवावी लागते. त्या नोंदी खोट्यांनी भरल्या की खरा दोष त्यांत बुडून जातो, आणि तो भोगावा लागतो तुम्हालाच.

लोक हे का करतात, तेही मला कळतं. सोय सोपी आहे, समोर माणूस दिसत नाही, आणि एवढ्या मोठ्या कंपनीला एका साडीने काय फरक पडतो असं वाटतं. पण तो खर्च कंपनी गिळत नाही. बघायचं असेल तर मीशो उघडून पाहा. तिथे एकाच कुर्तीच्या अनेकदा दोन किमती दिसतात. कुठल्याही कारणाने परत करायची मुभा असेल तर किंमत थोडी जास्त, चुकीचा किंवा सदोष माल आला तरच परत घेऊ म्हटलं तर थोडी कमी. परताव्याचा खर्च इतक्या उघडपणे क्वचितच लिहिलेला सापडेल. बाकी ठिकाणी तो किमतीत मुरलेला असतो आणि कधीच काही परत न करणारी गृहिणीसुद्धा तो भरत असते. आणि काही जण काय करतात, तर कमी किमतीचा पर्याय निवडतात आणि मन बदललं की ‘सदोष’वर बोट ठेवतात. यशवंतपूरच्या एपीएमसी यार्डात कांद्याच्या पोत्यात हात घालून, माल खालपासून वरपर्यंत पाहून मगच सौदा ठरतो. ऑनलाइन गिऱ्हाइकाला हात घालता येत नाही, म्हणून त्याला परताव्याचा हक्क दिलेला आहे. तो पाहण्यासाठी, पारखण्यासाठी आहे.

हे सगळं बंगळुरूकरांना आवर्जून सांगण्याचं कारण आहे. देशभरातल्या परताव्याचे नियम मोठ्या प्रमाणावर याच शहरात लिहिले जातात. फ्लिपकार्ट आणि मिंत्रा 2007 साली इथेच सुरू झाल्या, मीशो 2015 मध्ये. लाइफस्टाइलचं मुख्यालय इथे आहे. 1998 मध्ये टाटांच्या ट्रेंटने बंगळुरूतलं लिटलवुड्सचं दुकान घेतलं आणि त्यातून वेस्टसाइड उभं राहिलं. 2022 च्या जूनमध्ये नागसंद्रला आयकिया उघडलं. आपल्या यशवंतपूर स्टेशनवरून हिरव्या मेट्रोने तिथे थेट जाता येतं, आणि न वापरलेली वस्तू पावतीसह परत करायला ते 365 दिवस देत आलं आहे. वर्षभराची मुदत देणाऱ्या दुकानाने गिऱ्हाइकावर किती विश्वास टाकलाय, याचा क्षणभर विचार करा.

असा विश्वास मागे घेतला गेल्याची उदाहरणंही आहेत. फ्लिपकार्टने 2016 मध्ये मोबाईल, इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि पुस्तकांची परताव्याची मुदत 30 दिवसांवरून 10 दिवसांवर आणली. अमेरिकेतल्या एल. एल. बीन या दुकानाची गोष्ट तर फार बोलकी आहे. 1912 मध्ये त्या दुकानाच्या मालकाने विकलेल्या बुटांच्या पहिल्या 100 जोड्यांपैकी 90 शिवण सुटून परत आल्या. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, बूट सुधारले, आणि तिथून पुढे शंभरेक वर्षं त्या दुकानाने कधीही, कितीही वर्षांनी, माल परत घेतला. मग लोक जुन्या बाजारातून उचललेले, वर्षानुवर्षं घालून झिजलेले कपडे आणून पैसे मागू लागले. पुन्हा विकता येणार नाही अशा मालापायी पाच वर्षांत 25 कोटी डॉलर गेल्याचं दुकानाने सांगितलं, आणि 2018 च्या फेब्रुवारीत मुदत एक वर्षावर आणून पावती सक्तीची केली. ज्यांनी कधी लबाडी केली नव्हती त्यांचंही आयुष्यभराचं आश्वासन त्या दिवशी गेलं.

आपल्याकडे तर हा हक्क झगडून मिळवलेला आहे, आणि त्या झगड्यात मराठी माणूस पुढे होता. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य गल्ल्यामागे रंगवलेलं असायचं तो काळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. फाटका माल निघाला तरी दुकानदार त्या पाटीकडे बोट दाखवायचा. बिंदुमाधव जोशींनी पुण्यातून ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, 1986 मध्ये पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या नव्या कायद्याने तर स्पष्टच सांगितलं की सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत पैसे परत द्यावे लागतात. पण हा हक्क सदोष मालाचा आहे. नेसून झालेल्या साडीचे पैसे परत मागण्याचा हक्क कुठल्याही कायद्याने दिलेला नाही, ती दुकानाने आपणहून दिलेली सवलत असते आणि तिलाही अटी असतात. शोषणमुक्त समाज हे ग्राहक पंचायतीने डोळ्यांपुढे ठेवलेलं ध्येय. ग्राहक विकणाऱ्याला लुबाडू लागला तर ते ध्येय तेवढंच मोडतं, असं मला ठामपणे वाटतं.

याच्या टोकाला काय होतं तेही याच शहराने पाहिलं. 2017 मध्ये ॲमेझॉनची सुमारे 70 लाखांची फसवणूक केल्याच्या आरोपावरून बंगळुरूत एका महिलेला अटक झाली. महागड्या वस्तू मागवायच्या आणि तशाच दिसणाऱ्या नकली वस्तू परत करायच्या, अशी ती पद्धत असल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. 2024 मध्ये मिंत्राने बंगळुरू पोलिसांत तक्रार दिली. मोठ्या रकमेच्या ऑर्डरी नोंदवून नग कमी आले, भलतीच वस्तू आली असं सांगत पैसे परत घेतले गेले होते, आणि एकट्या बंगळुरूतलं नुकसान एक कोटीच्या वर सांगितलं गेलं. हळदीला नेसलेली साडी परत करणारी ताई अशा लोकांत बसत नाही, हे मला मान्य आहे. पण अशा फसवणुकीमुळे जेव्हा नियम आवळले जातात तेव्हा घरगुती लबाडीही त्याच हिशेबात धरली जाते, आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाकडेही संशयाने पाहिलं जातं.

आणि त्या संशयाची पहिली झळ कुणाला बसते? परतावा न्यायला दारात येणाऱ्या पोराला. त्याला दारात उभ्या उभ्या टॅग पाहायचा असतो, रंग ताडून पाहायचा असतो, आणि तुम्ही लिफ्टपाशी घाईत असता. पुढे गोदामात भलतंच काही निघालं तर पहिला जाब त्यालाच विचारला जातो. दुकानातल्या परताव्याच्या काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीचंही तेच. तिला अत्तराचा वास येतो, काखेतला डाग दिसतो, पण गिऱ्हाइकाला उलट बोलायचं नाही असं तिला शिकवलेलं असतं. तिच्या अंगावर ओरडून, व्यवस्थापकाला बोलवा म्हणून आवाज चढवून जे पैसे परत मिळवले जातात, त्यांची शरम वाटायला हवी.

तेव्हा या सणात एवढं करा. अंगावर घालून घराबाहेर पाऊल टाकलं की ते कापड आपलं झालं, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. घरात अंगाला लावून आरशात पाहा, मापाचे कपडे असतील तर घालून बघा, पण टॅग तसाच ठेवून आणि पावडर-अत्तर लावण्याआधी. मुलाच्या गॅदरिंगचा पोशाख, गणपतीच्या सजावटीची झुंबरं, सामन्यापुरता आणलेला मोठा टीव्ही, भिंतीला दोन भोकं पाडण्यापुरतं घेतलेलं ड्रिल मशीन, यशवंतपूरहून पंढरपूरच्या नाही तर लातूरच्या गाडीने दिवाळीला गावी जाऊन आलेली ट्रॉली बॅग, या सगळ्यांना तोच नियम लावा.

एकच कुर्ता दोन मापांत मागवून एक परत करणं याला मी लबाडी म्हणत नाही. प्रत्येक कंपनीचं ‘एम’ वेगळं असतं, त्याला गिऱ्हाईक काय करणार? पण मापपट्टी घेऊन छाती-कंबर मोजली आणि मापांचा तक्ता वाचला, तर त्यातले बरेच परतावे टळतात.

परत करताना कारण खरं लिहा. ‘मन बदललं’, ‘रंग आवडला नाही’ हे पर्याय असतात, ते निवडताना कमीपणा वाटून घेऊ नका. परताव्याचे पंचवीस-पन्नास रुपये कापले जात असतील तर ते भरा. माल आला तसाच घडी करून, टॅगसकट, सोबतच्या सगळ्या वस्तू घालून द्या. ब्लाउजपीस ठेवून घेऊन नुसती साडी परत येते तेव्हा आम्ही तिचं काय करायचं, सांगा?

सोसायटीच्या ग्रुपवर ‘टॅग आत दुमडून नेसायचं आणि नंतर परत करायचं’ अशी युक्ती कुणी मोठ्या हौसेने सांगितली, तर तिथल्या तिथे अडवा. हसून सोडून देऊ नका. वर सांगितल्यासारख्या फसवणुकीत अडकू नये म्हणून, ओळखीतल्या कुणी ऑर्डरीसाठी तुमचं खातं, फोन नंबर किंवा पत्ता वापरायला मागितला, तर ठाम नकार द्या, मग तो कितीही जवळचा असो.

नवं नेसायची हौस मात्र पुरी करा, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. वहिनीची पैठणी नेसून लग्न साजरं करण्यात, आत्याच्या मोत्याच्या बांगड्या चार दिवस घालण्यात आपल्याकडे कुणालाच कधी संकोच वाटला नाही. नऊवारी भाड्याने मिळते. आपल्या भागातल्या महिला मंडळांनी साड्यांचं एक सामाईक कपाट सुरू करावं, अशी माझी सूचना आहे. बारसं, हळद, भोंडला, मंगळागौर यांसाठी ज्यांना लागेल त्यांनी नेसावी, धुऊन-इस्त्री करून परत ठेवावी. आम्ही दोघी त्यासाठी आमच्याकडच्या काही साड्या द्यायला तयार आहोत. परत आलेल्या, नवी म्हणून न विकता येणाऱ्या साड्या आहेतच, त्यांचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

विकणाऱ्यांनीही आपली बाजू स्वच्छ ठेवली पाहिजे. भडक उजेडात काढलेले फोटो टाकायचे, सेमी सिल्कला शुद्ध रेशीम म्हणायचं आणि मग परतावे आले की गिऱ्हाइकाच्या नावाने खडे फोडायचे, हे चालणार नाही. आम्ही दिवसाच्या उजेडातला फोटो टाकतो, साडीची लांबी-रुंदी लिहितो, मागितल्यास व्हिडिओ कॉलवर पदर उलगडून दाखवतो. आमच्याकडून चूक झाली तर माल विनाप्रश्न परत घेऊ. माल खरोखर सदोष असूनही कुणी परत घेत नसेल, तर गप्प बसू नका. फोटो काढा, बिल जपा, आधी विकणाऱ्याला लेखी कळवा, आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

घटस्थापनेला फार दिवस उरलेले नाहीत. हे आवाहन आपल्या इमारतीच्या सूचना फलकावर त्याआधी लागलं पाहिजे, मंडळाच्या पुढच्या बैठकीत वाचलं गेलं पाहिजे. शेजारच्या कन्नड, तमिळ, हिंदी बोलणाऱ्या घरांना ते तोंडी समजावून सांगा. आणि कपाटात या क्षणी टॅग दुमडून ठेवलेली, एकदा नेसलेली एखादी साडी परत पाठवायच्या तयारीत असेल, तर आजच टॅग कापून ती स्वतःकडे ठेवा.